‘मॅडम, माझं गणित कच्चं आहे’

कॉलेज प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या संपत आल्या की माझ्याकडे एकच वाक्य यायला लागतं. "मॅडम, माझं गणित कच्चं आहे. झेपेल का?" कुणाला इंजिनिअरिंग झेपेल का विचारायचं असतं, कुणाला बीएस्सी, कुणाला अर्थशास्त्र. आवाजही तोच, पडलेला.

मागच्या वर्षी पुण्यात टिळक रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जुन्नरकडचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडिलांनी गुणपत्रिका टेबलावर मांडल्या. बारावीला गणितात ७१, इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटीही बरी, मेकॅनिकल मिळालेलं.

"मग अडलंय कुठे?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "सीईटीत पर्याय असतात, मॅडम."

केवढं प्रामाणिक उत्तर! सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, वेळ ९० मिनिटं आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. मुलं पर्याय घालून बघायला शिकतात, उत्तरावरून मागे जायला शिकतात, शेवटी ठोकूनही देतात. तेही कौशल्यच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण एम-वनला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताला, पार्शल डिफरन्सिएशनची एकेक पायरी स्वतः लिहावी लागते, तिथे ते पुरत नाही.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. माणूस घटनेने जेवढा खचतो, त्याहून जास्त तिच्याबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने खचतो, असं मी मानते. म्हणून आधी ‘कच्चं’ हा शब्द काढून घेतला. आख्खं गणित कच्चं असलेला मुलगा मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. कुठली तरी एक पायरी निसटलेली असते आणि ती बहुतेकदा बारावीची नसतेच.

त्याची पायरी तिसऱ्या भेटीत सापडली. कागदावर १/x + १/y लिहून दिलं. त्याने क्षणात लिहिलं, २/(x+y).

"आता x आणि y, दोन्हीच्या जागी २ घाल."

त्याने घातले. डावीकडे अर्धा अधिक अर्धा. उजवीकडे २/४. पेन थांबलं.

"अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून किती?"

"एक."

"तुझ्या कागदावर?"

"अर्धीच." मग बराच वेळ गप्प. आणि एकदम, "मॅडम, छेद समान करायचा राहिला! लसावि!"

अकरावीपासून तो ‘डिनॉमिनेटर’ म्हणत होता. ‘छेद’ तोंडात आला आणि सातवी-आठवीतले गुरुजी त्याच्या मदतीला धावले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यांची समज शाबूत असते, फक्त ती जुन्या शब्दांपाशी राहून गेलेली असते. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, खोलीतल्या मुलांनी शिकवलं.

मी त्याला अप्पा बळवंत चौकातून बालभारतीचं आठवीचं गणित आणि नववीचं भाग १ आणायला सांगितलं. वडील अस्वस्थ झाले. "इंजिनिअरिंगला जाणारा पोरगा आठवीचं पुस्तक घेऊन बसणार?"

"तीनच आठवडे बसू द्या," म्हटलं. होस्टेलवर कुणाला दिसू नये म्हणून त्याने पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. मी हरकत घेतली नाही.

असंच ज्यांच्या घरी चाललंय त्यांना सांगते. प्रवेश आणि पहिलं लेक्चर यांच्यामधले दिवस महागड्या ‘एम-वन क्रॅश कोर्स’वर घालवू नका. अपूर्णांक, विस्तारसूत्रं, बैजिक राशींचे अवयव, घातांक आणि मग त्रिकोणमितीची सूत्रं, एवढं रोज पाऊण तास करा. व्हिडिओ बघून मान डोलावणं म्हणजे गणित नव्हे. वही बंद करून तेच उदाहरण पुन्हा सोडवा. पायऱ्या गाळू नका. अक्षरांचं काही कळेनासं झालं की अक्षराच्या जागी आकडा घालून बघा, चूक स्वतःच बोलते. आणि पालकांनो, ‘तुझ्या ताईला बघ’ हे वाक्य निदान दिवाळीपर्यंत बंद.

तो मुलगा इन-सेम म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेनंतर भेटायला आला. पुस्तक आणलंस का विचारलं, तर म्हणाला, रूममेटकडे आहे. ३० पैकी १७ पडले होते. मी काही बोलायच्या आत उत्तरपत्रिकेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "इथे चिन्ह चुकलं, मॅडम. चार गेले. बाकी येत होतं."