कापूस वेचणी आणि रविवारची उपासना

प्रश्न : आमचं शेत चोपडा तालुक्यात. दिवाळीनंतर कापूस वेचायला मजूर मिळतात ते नेमके रविवारी, त्यामुळे महिना झाला चर्चला जाणं नाही. सासूबाई म्हणतात हे पाप आहे. खरंच का?

उत्तर : ताई, बोंड फुटलंय आणि वर ढग आलेत, तेव्हा जीव कसा खालीवर होतो ते मला माहितीये. बायबलात मार्क 2:27 मध्ये येशू सांगतो की शब्बाथ (विसाव्याचा सातवा दिवस, आपण तो रविवारी पाळतो) माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, आणि हे तो कधी बोलला तर शिष्य भुकेपोटी शेतातली कणसं मोडत होते म्हणून लोक नावं ठेवत होते तेव्हा. म्हणजे अडचणीच्या एखाद्या रविवारी मनाला टोचणी नको.

पण बायबलातलंच निर्गम 34:21 पण वाचा. तिथं स्पष्ट म्हटलंय, नांगरणी असो की कापणी, सातव्या दिवशी थांबायचं. ऐन सुगीतसुद्धा! आणि अनुवाद 5:14 मध्ये विसावा फक्त मालकाला नाही, दास, दासी, बैल, सगळ्यांना. मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या वेचणीवाल्या बायांना तरी सुट्टी कधी मिळते हो? त्यांच्याशी बोलून बघा, रविवारी उपासना आटोपून अकरानंतर वेचणी लावता येते का, किंवा दुसरा वार ठरतो का. तोवर रात्री जेवणं झाली की सासूबाईंनाच एक स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगा, आणि पाळकांनाही अडचण कळवा, ते घरी येऊन प्रार्थना करतील.