वाचकांचे प्रश्न : मोटरहोमच्या पहिल्या रॅलीला कुत्र्यासह

प्रश्न : आम्ही दोघं मार्चमध्ये जॉर्जियातल्या पेरीच्या जत्रामैदानावर चार दिवसांच्या मोटरहोम रॅलीला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या मालकांच्या मेळाव्याला, जाणार आहोत. रॅलीची ही पहिलीच वेळ. सोबत तीन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे, वजन ६० पौंड. सेमिनार आणि संध्याकाळचे कार्यक्रम बंद सभागृहात असतात, तिथे कुत्रा चालत नाही असं कळलं. मग त्याला एसी लावून गाडीत ठेवलं तर चालेल का? आमची गाडी ५० अँपची आहे, दोन एसी आहेत. रॅलीत मात्र ३० अँपची जोडणी मिळणार आहे.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ठेवता येईल, पण एसी चालू करून दार ओढून घेतलं की काम झालं, असं समजू नका. कुत्र्याचा जीव एसीवर, एसी विजेवर, आणि रॅलीच्या मैदानावरची वीज हीच या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी. म्हणून तयारीचा बहुतेक वेळ विजेवर घालवा. खेळणी, अंथरूण यांचं नंतर बघता येतं.

आधी हिशोब. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असतात, म्हणजे एकूण १२,००० वॉट. ३० अँपला एकच तार, ३,६०० वॉट. अडॅप्टर लावून तुमची गाडी ३० अँपवर चालते, पण वीज तेवढीच मिळते. छतावरचा एक एसी भर उन्हात १३ ते १५ अँप घेतो. पाणी तापवायचा विजेचा हीटर साधारण १२, मायक्रोवेव्ह १३, बॅटरी चार्ज होत असेल तर तिचे आणखी काही. सकाळी एसी चालू असताना कुणी दूध गरम केलं आणि हीटरही चालूच राहिला, की ब्रेकर पडलाच. तुम्ही गाडीत असाल तर दोन मिनिटांत तो वर कराल. सेमिनारमध्ये असाल तर कुत्रा त्या डब्यात अडकला. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी हीटर गॅसवर टाका, मायक्रोवेव्ह आणि कॉफीमशीनचे प्लग काढा, दुसरा एसी बंद ठेवा. एकाच एसीवर निम्मी गाडी थंड राहत असेल तर मधला पडदा ओढून कुत्र्याला त्याच बाजूला ठेवा.

याहून फसवी अडचण व्होल्टेजची. दुपारी दोन ते चार या वेळात अख्ख्या रांगेतले एसी एकदम चालतात आणि तात्पुरत्या ओढलेल्या लांब केबलच्या टोकाला १२० व्होल्टचे १०५ उरतात. व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापतो. तुमच्याकडे ईएमएस प्रकारचं संरक्षक यंत्र असेल तर ते १०४ व्होल्टच्या आसपास वीज तोडतं. गाडीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण कुत्र्याचा एसी नेमका सगळ्यात उकाड्याच्या वेळी बंद पडतो. नुसता सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढलं तरच वाचवणारा) असेल तर वीज तुटत नाही, मात्र कॉम्प्रेसर जळायची भीती असते. पोहोचल्याच्या पहिल्या दुपारी प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घेऊन दर अर्ध्या तासाने आकडा बघा. तो १०८ च्या खाली उतरत असेल तर दुपारचा एसी जनरेटरवर चालवा. जनरेटर कोणत्या वेळात चालवता येतो ते रॅलीच्या नियमपत्रकात असतं, आधी वाचून ठेवा. टाकीत निदान अर्धं इंधन हवं. बहुतेक मोटरहोममध्ये टाकी पाव भरलेली उरली की जनरेटरला इंधन मिळणं बंद होतं. परत निघताना गाडी मध्येच अडू नये म्हणून नळी मुद्दाम तशी बसवलेली असते.

निघण्यापूर्वी घरी एक चाचणी जरूर करा. एसी चालू असताना बाहेरचा प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा आणि गाडीत कशालाही हात न लावता थांबा. काही थर्मोस्टॅट वीज आल्यावर आपोआप पूर्वीच्या सेटिंगवर येतात, काही बंदच राहतात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर क्षणभर वीज गेली तरी एसी दिवसभरासाठी गेला असं धरा. मग कुत्र्याला एकटं ठेवायच्या आधी थर्मोस्टॅट बदलून घ्या. जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर तीही याच वेळी तपासा, कारण ती बऱ्याच गाड्यांत फक्त बॅटरी उतरल्यावर चालते, तापमान वाढल्यावर नाही.

आता तापमानाचा इशारा देणारं यंत्र. वायफायवर चालणारं घेऊ नका. वीज गेली की राउटर बंद, आणि इशारा नेमका तेव्हाच येत नाही. स्वतःचं सिम आणि स्वतःची बॅटरी असलेलं घ्या. वरची मर्यादा ८० अंश फॅरनहाइट (सुमारे २७ सेल्सिअस) ठेवा, वीज गेल्याचा इशारा वेगळा चालू करा आणि दोघांचेही फोन नंबर त्यात घाला. मैदानावर पोहोचल्यावर एकाने गाडीत थांबून मुद्दाम इशारा वाजवावा आणि दुसऱ्याने सभागृहात ज्या खुर्चीवर बसणार तिथे बसून तो येतो का ते बघावं. ही सभागृहं बहुधा पत्र्याची असतात आणि एकाच वेळी हजारो फोन त्याच टॉवरवर असतात. संदेश वीस मिनिटांनी आला तर त्याचा उपयोग नाही. तसं झालं तर सेमिनार वाटून घ्या, एकाने गाडीपाशी थांबा.

छतावरचा १२ व्होल्टचा पंखा बॅटरीवर चालतो, बाहेरची वीज गेली तरी. त्याला थर्मोस्टॅट असेल तर तो एसीच्या सेटिंगपेक्षा पाच-सहा अंश वर लावा आणि सावलीच्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे हवा आत येते. एसीची जागा पंखा घेत नाही, पण तुम्ही धावत येईपर्यंतची मिनिटं तो मिळवून देतो. पुढची मोठी काच बाहेरून झाका. आतल्या पडद्याने ऊन अडतं, उष्णता नाही.

एवढं करूनही कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्याकडे निघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर धोका सुरू होतो. जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या पशुरुग्णालयाचा पत्ता पहिल्याच संध्याकाळी फोनमध्ये भरून ठेवा.

प्रश्न : आमची कुत्री घरी शांत असते, पण कॅम्पग्राउंडवर एकटी ठेवली की भुंकत राहते. रॅलीत शेजारच्या गाड्या अगदी जवळ असतात. काय करावं?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : भुंकण्याची दोन कारणं वेगळी ओळखावी लागतात. गाडीत जुना फोन रेकॉर्डिंगला लावून तासभर बाहेर जा. थोडं भुंकून थांबते आणि परत सुरू होते, असं असेल तर ती खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर भुंकतेय. रॅलीत दर मिनिटाला कुणीतरी कुत्रा घेऊन किंवा गोल्फ कार्टमधून जातंच. पुढची काच आणि खालच्या खिडक्या झाका, छताचा पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

सलग भुंकत, रडत, दार ओरबाडत असेल तर ती एकटेपणाची भीती आहे, पडद्यांनी जाणार नाही. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीतच सवय लावा. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, तीस, साठ. एका टप्प्यावर ती शांत राहिली तरच पुढचा. रोज थोडं केलं तरी याला काही आठवडे लागतात. मग जवळच्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढून बघा. तिथेही जमलं नाही तर या वेळी रॅलीत तिला एकटं ठेवू नका, तिची फरफट होते. संध्याकाळी आतषबाजी असेल तर औषधाबद्दल पशुवैद्याला आधी विचारा आणि औषधाचा पहिला डोस घरी देऊन बघा, मैदानावर नको.

‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जॅकेट घालून तिला सभागृहात नेऊ का, असंही तुम्ही विचारलं आहे. नेऊ नका. अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेल्या कुत्र्यालाच तो कायदेशीर हक्क आहे. अनेक राज्यांत तसं खोटं भासवणं गुन्हा आहे, आणि एखादा बनावट सर्व्हिस डॉग सभागृहात भुंकला की ज्याला खरोखर गरज आहे त्याच्याकडेही लोक संशयाने बघू लागतात.

प्रश्न : मैदानावर पोहोचताना आणि गाडी लावताना कुत्र्याबाबत काय काळजी घ्यावी? कागदपत्रं कोणती लागतात?
— एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : कागद सोपे आहेत. रेबीजच्या लशीचा सही असलेला दाखला कागदावर हवा, गळ्यातला बिल्ला पुरत नाही. इतके कुत्रे एकत्र येणार म्हणून केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) आणि लेप्टोस्पायरोसिस या आजारांच्या लशींबद्दल पशुवैद्याशी बोला, आणि त्या निदान दोन आठवडे आधी घ्या. मायक्रोचिपच्या नोंदीत आजचा फोन नंबर आहे का ते तपासा. घर बदललं की लोक नेमकं हेच विसरतात.

गाडी लावतानाची वेळ मात्र नाजूक. रांगेत थांबावं लागतं, स्वयंसेवक हाताने इशारे करतात, दार सारखं उघडतं, कुत्रा उतावीळ झालेला असतो. त्याला क्रेटमध्येच (प्रवासी पिंजऱ्यात) ठेवा. जॅक खाली सोडून गाडी समतल झाली, की स्लाइड (मोटरवर बाजूला सरकून बाहेर येणारा गाडीचा भाग) बाहेर काढण्यापूर्वी कुत्रा कुठे आहे ते डोळ्यांनी बघा आणि मोठ्याने बोला, ‘क्रेटमध्ये आहे’. स्लाइड आत घेतानाही तेच. घाबरलेला कुत्रा सोफ्यामागे किंवा स्लाइडखाली शिरतो आणि मोटरला ते कळत नाही.

बाहेर सहा फुटांचा साधा पट्टा वापरा. सोडता-ओढता येणारा दोरीचा पट्टा केबल, जॅक आणि सायकलच्या चाकांत गुंततो. जॉर्जियात गवतात आगमुंग्यांची वारुळं असतात, लालसर भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की कुत्र्याला लांब ठेवा. पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात फॉक्सटेल गवताचं कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं आणि आत-आतच जात राहतं, कारण त्याचे काटे एकाच दिशेने वळलेले असतात. प्रत्येक फेरीनंतर पायाची बोटं फाकवून बघा. पाणी घरचंच पाच गॅलन न्या. ६० पौंडांच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६० औंस, म्हणजे पावणेदोन लिटर पुरतं. उन्हात जास्त. नव्या पाण्याच्या चवीने काही कुत्रे पाणी कमी पितात.

प्रश्न : सासू-सासरे नाशिकहून आले आहेत, तेही रॅलीला येतील. आम्ही सेमिनारला असताना ते गाडीत थांबतील, तर कुत्रा त्यांच्यावर सोपवावा का?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : गाडीत माणूस असणं हा सगळ्यात चांगला उपाय, पण त्यांना कुत्र्याची नाही तर गाडीची माहिती द्या. ब्रेकर कुठे आहे, एसी बंद पडला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. शेजारच्या मोटरहोमवाल्यांशी त्यांची ओळख करून द्या. फिरवायला मात्र त्यांना पाठवू नका. ओल्या गवतावर मोठ्या कुत्र्याने हिसका दिला तर पडायचं निमित्त होतं. दार उघडण्याआधी पट्टा लावायचा, एवढा एक नियम त्यांना पाठ करवा.

खाण्याचं आधीच सांगून ठेवा, कारण प्रेमापोटी त्याला घास भरवला जातो. शिऱ्यातले बेदाणे, लाडवातले मनुके, भाजीतला कांदा-लसूण, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी आहे. मनुके किती खाल्ल्यावर बाधतील याचा भरवसा नाही, काही कुत्र्यांची किडनी थोड्या मनुक्यांनीही निकामी होते. खाल्लेले कळले की लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याला फोन करा. पर्समधल्या साखरमुक्त च्युइंगगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य असतं, ते त्याहून लवकर बाधतं. त्यांच्या हातात घरच्या कुत्र्याच्या खाऊची डबी देऊन ठेवा, म्हणजे त्यांना भरवताही येईल.

प्रश्न : रॅलीनंतर कॅनडात जाऊन परत यायचं आहे. कुत्र्यासाठी वेगळं काही?
— एक वाचक, डेट्रॉइट

उत्तर : जाताना रेबीजच्या लशीचा वैध दाखला. अमेरिकेत परत येताना ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) डॉग इम्पोर्ट फॉर्म, म्हणजे कुत्रा देशात आणण्याचा फॉर्म, लागतो. तो ऑनलाइन आणि मोफत आहे, भरल्यावर मिळणारी पावती फोनमध्ये ठेवा. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप असलेला आणि दिसायला निरोगी हवा. फॉर्म निघण्यापूर्वी घरीच भरा. त्यात चिपचा नंबर लागतो, आणि सीमेवरच्या रांगेत तो शोधत बसणं अवघड जातं.