आजीच्या औषधांचा डबा

प्रश्न : सासूबाईंच्या अल्प्राझोलामच्या (झोपेच्या) गोळ्या महिना भरायच्या आधीच संपतात. दहावीतला मुलगा दुपारभर गुंगीत असतो, विचारलं की चिडतो. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आधी गोळ्या मोजा. किती आणल्या, किती उरल्या हे रोज वहीत लिहा. सासूबाई विसरून दोनदा घेत असतील, तर तेही यातून कळेल. आजपासून डबा कुलपात ठेवा आणि रात्रीची गोळी तुम्ही स्वतः त्यांच्या हातावर द्या.

मुलाला 'चोरल्यास का?' असं विचारू नका. 'झोप लागत नाही का रे?' इथून सुरुवात करा. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलं पहिली गोळी झोपेसाठीच घेतात, हे मी ओपीडीत पुन्हा पुन्हा ऐकलंय. 'बटन', 'कुत्ता गोळी' असे नशेच्या गोळ्यांसाठी वापरले जाणारे शब्द मित्रांच्या बोलण्यात आले, तर मात्र गोळ्या बाहेरूनही येत असण्याची शक्यता धरा.

आणि एक, अगदी कळकळीने सांगतो : तो रोज घेत असेल, तर रागाच्या भरात एका दिवसात बंद करू नका. ही गोळी अचानक थांबली की झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. डबा कुलपात गेल्यावरही हेच होऊ शकतं, म्हणून त्याला लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या; मात्रा तेच हळूहळू उतरवतील.

प्रश्न : मुलीच्या दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. औषधच आहे ना, मग काळजी कशाला?

उत्तर : लेबल वाचा. कोडीन लिहिलं असेल, तर ते अफूच्या कुळातलं आहे. शरीरात त्याचं काही प्रमाणात मॉर्फीन होतं. सोबत झोपेची गोळी किंवा दारू पोटात गेली, तर श्वास मंदावतो. हाका मारूनही ती उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजू नका. चिठ्ठी न बघता बाटली देणाऱ्या दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

प्रश्न : सतरा वर्षांचा मुलगा जिमसाठी मेफेन्टरमिनचं इंजेक्शन घेतो.

उत्तर : भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायला ते वापरतात. त्याने स्नायू वाढत नाहीत. थकवा जाणवेनासा होतो आणि भार हृदयावर पडतो. सुई कुणाबरोबर वाटून घेतली का, हे शांतपणे विचारा. घेतली असेल, तर एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांच्या तपासण्या करून घ्या.

प्रश्न : गावात बोभाटा होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरतो.

उत्तर : मग आज रात्री 14446 वर फोन करा. व्यसनमुक्तीची ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.