जुगलबंदी कसली, डबलबारी म्हणा!

प्रश्न : जमैकातल्या रेगे संगीतावरच्या एका लेखात 'साउंड सिस्टिमची जुगलबंदी' असा शब्दप्रयोग वाचला. 'साउंड क्लॅश'ला, म्हणजे दोन साउंड सिस्टिमनी आळीपाळीने गाणी वाजवून एकमेकांना हरवण्याच्या सामन्याला, जुगलबंदी म्हणणं बरोबर आहे का? आणि त्यातल्या 'सिलेक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : नाही, बरोबर नाही. खरं तर इथेच थांबायला हवं, पण या 'जुगलबंदी'नं गेली काही वर्षं माझं डोकं उठवलं आहे. विधानसभेत दोन आमदार एकमेकांवर धावून गेले की 'जुगलबंदी रंगली'. दोन प्रवक्ते चॅनेलवर एकमेकांची उणीदुणी काढतात, तीही जुगलबंदीच. अहो, जुगल म्हणजे युगल, जोडी. 'बंदी' फारसीतून आली म्हणा नाहीतर संस्कृत 'बंध'शी नेऊन जोडा, दोन्ही मुळात एकाच घरची. अर्थ बांधणं हाच. सतार आणि सरोद एका रागात, एका तालात स्वतःला बांधून घेतात, तिहाई घेऊन दोघं एकदम समेवर येतात आणि एकमेकांकडे बघून हसतात, ती जुगलबंदी.

जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, क्लॅशला समेवर कुणी कुणाला भेटत नाही. तिथे समोरच्याला 'मारायचं' असतं, 'पुरायचं' असतं. हे शब्द माझे नाहीत, त्यांचे आहेत. एका नामांकित साउंडनं किलिमांजारो पर्वताचं नाव घेतलं ते स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'किल' घुसवून, 'किलामांजारो' असं. यावरून काय ते ओळखा.

'साउंड' म्हणजे तिकडे नुसता आवाज नव्हे. अॅम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर, तबकड्या, त्या लावणारा, माइकवर बोलणारा, खोकी उचलणारी पोरं, असं सगळं बिऱ्हाड मिळून एक साउंड. आपल्याकडे 'डीजे'चं नेमकं उलटं झालं. माणसाचं नाव यंत्राला चिकटलं, म्हणून पोलीस 'डीजे जप्त' करतात आणि मालक मात्र घरी जेवत असतो. जमैकात यंत्राचं नाव माणसांच्या टोळीला मिळालं. त्यांचा डीजे तबकडी लावतच नाही. तो माइकवर तालात बोलतो. तबकडी लावतो तो सिलेक्टर. तुमचा तो प्रश्न लक्षात आहे, येतो त्याच्याकडे.

हे वैर १९५०च्या दशकातलं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतले लोक अमेरिकन रिदम अँड ब्लूजवर नाचायचे आणि ज्याच्याकडे कुणाकडेच नाही अशी तबकडी, त्याच्याकडे गर्दी. ड्यूक रीड हा एका साउंडचा मालक, माजी पोलीस, कमरेला पिस्तूल लावून नाचाला यायचा. त्याच्यासमोर क्लेमंट डॉड, दुसऱ्या साउंडचा मालक, म्हणजे 'सर कॉक्सन'. हे कॉक्सन कुठून आलं? क्रिकेटमधून! डॉड शाळेत बरा खेळायचा म्हणून पोरांनी त्याला यॉर्कशायरच्या अॅलेक कॉक्सनचं नाव चिकटवलं. हा अॅलेक कॉक्सन १९४८ साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध आयुष्यातली एकुलती एक कसोटी खेळला. इंग्लंडनं त्याला एकदाच बोलावलं, जमैकानं मात्र त्याचं नाव अमर केलं.

तर हे लोक तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायचे, गाण्याचं नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून. सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची अशीच एक तबकडी डॉडनं 'कॉक्सन हॉप' असं बारसं करून वाजवली आणि तीच त्याची ओळख झाली. रीडच्या गोटाला पुढे तिचं मूळ नाव सापडलं आणि त्यांनी ती वाजवली. घरची गुप्त पाककृती शेजारणीच्या डब्यात निघावी, तशी डॉडची गत.

लेबल खरवडून किती दिवस निभावणार? मग स्वतःचीच तबकडी कापून घ्यायची रीत आली, आणि इथे माझा लाडका शब्द येतो : डबप्लेट. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर, त्यावर थेट गाणं कोरायचं. प्रत एकच. दर वेळी सुई फिरली की खाच थोडी झिजते, वरचा आवाज बोथट होतो, खरखर वाढते. म्हणजे ही तबकडी वाजवणं म्हणजेच ती खर्च करणं. तिच्यावर गायकाला पैसे देऊन त्याचंच गाजलेलं गाणं शब्द बदलून गाऊन घेतलेलं असतं, आपल्या साउंडचं नाव आणि समोरच्याचा उद्धार त्यात घालून.

यातला 'डब' म्हणजे 'डबल'. बोलपट आले तेव्हा एका पट्टीवरचा आवाज दुसरीवर उतरवण्याला सिनेमावाल्यांनी 'डबल'चं शेपूट कापून 'डब' केलं. आपण 'हिंदीत डब केलेला सिनेमा' म्हणतो तो हाच. लॅटिन 'डुप्लस', फ्रेंचमधून 'डबल', मग 'डब'. डुप्लस म्हणजे दोन पटींचा, आपला 'दुप्पट' अक्षरशः त्याच घडणीचा. पुढे या चकतीवरून एका संगीतप्रकारालाच 'डब' नाव पडलं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुड या साउंडवाल्यासाठी ड्यूक रीडच्या स्टुडिओत चकती कापताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज घालायचा राहून गेला. रेडवुडनं ती तशीच नाचात लावली आणि गर्दीनं मोकळ्या जागेत स्वतः गायला सुरुवात केली. चूकच हिट झाली.

काही विद्वान 'डब' हा 'डपी' म्हणजे जमैकन भुतापासून काढतात. गायक गेला, मागे आवाजाची सावली राहिली, वगैरे. ऐकायला छान आहे. पण स्टुडिओतला 'डब' त्याच्या कितीतरी आधीचा, त्याला भूत कशाला लावता? व्युत्पत्ती सांगताना अंगावर काटा आला की ती खरी, असा काही नियम नाही.

भुरळ पडायचीच असेल तर दुसऱ्या 'डब'ची पडावी. इंग्रजीत खांद्यावर तलवार टेकवून सरदारकी देण्यालाही 'डब' करणं म्हणतात. त्याचं कूळ वेगळं, 'डबल'शी नातं नाही. पण किंग्स्टनची मंडळी बघा : सर कॉक्सन, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर, किंग टबी. अख्खा दरबार! इंग्रजांचं राज्य १९६२ला संपलं, पदव्या मात्र यांनी स्वतःच वाटून घेतल्या होत्या. एकेक डबप्लेट म्हणजे मालकाला दिलेली सरदारकीच की. कोशकार मला फाडून खातील, खुशाल खाऊ देत.

आता मराठी शब्द. क्लॅशला 'संघर्ष' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. एका स्नेह्यांनी 'सवाल-जवाब' सुचवला. तो निम्मा बसतो, कारण समोरच्याच्या गाण्याला गाण्यानंच उत्तर देण्याची चाल क्लॅशमध्ये आहे. पण क्लॅशचा कणा आहे पाळी. ठरावीक वेळ तू, ठरावीक वेळ मी, वेळ आखडत जाते आणि शेवटी 'डब फी डब', एकास एक. त्याने वाजवलेलं गाणं मला वाजवता येत नाही. निकाल गर्दीचा : शिट्ट्या, भोंगे, पातेल्यांची झाकणं, आणि लोक फारच पेटले तर सुई उचलून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून.

याला आपल्याकडे तयार शब्द आहे, सिंधुदुर्गात जाऊन भिंतीवरचा कागद वाचा : 'डबलबारी भजनाचा जंगी सामना'. कणकवलीकडे एका देवळात रात्री दोनला बघितलंय मी. समोरासमोर दोन बुवा. एकानं अभंगातून कोडं घातलं, दुसरा पेटीवर बोटं तशीच ठेवून मान खाली घालून ऐकत होता. आपली बारी आल्यावर त्यानं आधी शांतपणे पानाची पिंक टाकली, मग गजरातच असं उत्तर दिलं की मागच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले. 'बारी' म्हणजे पाळी, 'वारंवार'मधल्या 'वार'ची बहीण. आणि 'डबल'? डबप्लेटमधलाच! एकच इंग्रजी शब्द, शेपूट तुटून किंग्स्टनमध्ये तबकडीवर बसला, कोकणात अख्खाच्या अख्खा भजनाला बसला. याहून नेमका प्रतिशब्द कुणी आणून दाखवावा.

'हे भलतंच गावठी वाटतं' असं म्हणणाऱ्यांना सांगतो, योकोहामाच्या मायटी क्राउन या साउंडनं १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये जाऊन वर्ल्ड क्लॅश जिंकला. जपान्यांना जमैकन चालतं, तुम्हाला मालवणी चालत नाही?

हां, सिलेक्टर. 'निवडकर्ता' कृपा करून लिहू नका, डोळ्यांपुढे निवड समिती येते. 'तबकडीवाला' म्हटलं की जुन्या बाजारात गेल्यासारखं वाटतं. 'सिलेक्टर'च ठेवा. नाहीतर, हल्ली क्लॅशमध्ये माइकवर समोरच्याची सालं काढणाराही बहुधा तोच असतो, तेव्हा डबलबारी म्हटलंच आहे तर 'बुवा' म्हणून बघा. रिकी ट्रूपर हा किलामांजारोचा एके काळचा सिलेक्टर, तो 'किलामांजारोचे रिकी ट्रूपर बुवा'. मला तरी कानाला कुठे खटकत नाही.