लेबनॉनमध्ये एकाच दिवशी बर्फ आणि समुद्र दोन्ही मिळतात हे खरं का? आणि एवढ्याशा देशात इतके पंथ कसे?

खरं आहे. पण मी वर्षभर तिथे होतो आणि असा उद्योग करणारा एकही लेबनानी मला भेटला नाही. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरातल्या फराया गावच्या बर्फावरून निघालं तर तासाभरात गाडी जुनियेच्या किनाऱ्याला लागते, एवढं नक्की. पाणी तेव्हा गारढोण असतं, त्यामुळे पोहायचं ज्याचं त्याने ठरवावं.

मी निवृत्त फौजी, गाव माण तालुक्यात. दक्षिण लेबनॉनमध्ये यूएनच्या शांतिसेनेत 1998 पासून आपली पलटण असते, आळीपाळीने. आमची पाळी आली तेव्हा हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी पोस्टवर होतो. म्हणून दक्षिणेचं जास्त माहीत, बाकी सुट्टीत फिरून पाहिलेलं.

आधी आकार लक्षात घ्या. लेबनॉन 10,452 चौरस किलोमीटर, आपला सातारा जिल्हा 10,480. म्हणजे साताऱ्यापेक्षा चिमूटभर लहानच. हा 10,452 आकडा तिथे पोराटोरांना पाठ असतो, भिंतीवरसुद्धा रंगवलेला दिसतो. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ मला मात्र ते ऐकल्यावर शोधावं लागलं.

सातारकराला हा देश समजायला सोपा आहे. पश्चिमेला समुद्र, मग कोकणपट्टीसारखी किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, तीही कुठे कुठे इतकी अरुंद की डोंगर थेट पाण्यात उतरतो. त्यामागे किनाऱ्याला समांतर लेबनॉन पर्वताची भिंत. तो उतरलं की बेकाचं सपाट खोरं, आणि पलीकडे दुसरी रांग, तिच्यावरून सीरियाची हद्द. ढग समुद्रावरून येतात, पहिल्या भिंतीवर रिकामे होतात, मागच्यांना उरलंसुरलं. बैरुतला वर्षाला 800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर बेकाच्या उत्तर टोकाला हर्मेलकडे त्याचा तिसरा हिस्साही मुश्किलीने. महाबळेश्वर भिजतं आणि माण कोरडं राहतं, तोच हिशेब. फरक एवढाच की सगळं उलट ऋतूत. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, उन्हाळा ठणठणीत कोरडा.

आणि उंची! तिथला सर्वांत उंच माथा, कुर्नत अस-सौदा, 3,088 मीटर आहे. आपलं कळसूबाई 1,646. त्यामुळे वर पडतो तो पाऊस नसून बर्फ, आणि सगळी गंमत त्या बर्फात आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, पाणी वरून धावत सुटतं आणि पावसाळा संपला की ओढे आटतात. लेबनॉनचा डोंगर पांढऱ्या चुनखडीचा, भेगाळलेला. बर्फ सावकाश वितळतो, पाणी आत जिरतं आणि खाली कुठेतरी झरा होऊन फुटतं. ऐन उन्हाळ्यात, चार महिने पावसाचा थेंब नसताना, डोंगराच्या पोटातून बर्फासारखं पाणी वाहताना मी पाहिलंय. दुष्काळी भागातल्या माणसाला त्याचं काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. गावं त्या झऱ्यांच्या बाजूने वसलेली. उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यात ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षं, वरच्या अंगाला सफरचंद.

नद्या दोन सांगण्यासारख्या, दोन्हींचा उगम बेकातल्या बालबेक शहराच्या आसपासचा. लितानी दक्षिणेला जाते, शकीफ किल्ल्याच्या कड्याखाली अचानक काटकोनात पश्चिमेला वळते आणि सूर शहराच्या उत्तरेला समुद्राला मिळते. म्हणजे जन्मापासून शेवटपर्यंत देशाच्या आतच. दुसरी सरळ उत्तरेला सीरियात आणि पुढे तुर्कस्तानात निघून जाते. तिचं नाव अल-आसी, म्हणजे न ऐकणारी, बंडखोर.

आता माणसं. सरकारदरबारी मान्य पंथ 18. ठरीव उत्तर असं की डोंगर म्हणजे आसरा, ज्याला ज्याला मैदानात त्रास झाला तो वर चढला. हे बऱ्यापैकी खरं आहे. मारोनी ख्रिस्ती उत्तरेकडच्या कादिशाच्या खोल दरीत, द्रुझ (इस्लाममधून फुटून निघालेला वेगळा पंथ) शूफच्या डोंगरात आणि हर्मोनच्या पायथ्याला, शिया दक्षिणेच्या जबल आमिलमध्ये आणि उत्तर बेकात. किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी शहरांत, त्रिपोली आणि सैदामध्ये, मुख्यतः सुन्नी. बेकातलं अंजर हे तर 1939 मध्ये निर्वासित आर्मेनियन लोकांनी वसवलेलं.

पण हे सगळे एका देशात कसे आले, ते डोंगराने ठरवलेलं नाही. 1861 पासून ऑटोमन तुर्कांच्या अमलाखाली 'लेबनॉन' नावाचा स्वायत्त प्रांत होता तो फक्त डोंगराचा. पहिल्या महायुद्धात तिथे असा दुष्काळ पडला की जवळपास तिसरा हिस्सा माणूस मेला. रेशमासाठी तुती लावलेल्या, धान्य मात्र बाहेरून यायचं आणि ते थांबलं. नुसता डोंगर पोट भरू शकत नाही हे लोकांना कळलं ते असं. युद्धात तुर्क हरले, ताबा फ्रेंचांकडे गेला. 1 सप्टेंबर 1920 ला फ्रेंच जनरल गूरोने मोठा लेबनॉन जाहीर केला, तेव्हा त्यात बेकाचा गहू आला, बैरुत-त्रिपोलीची बंदरं आली, आणि अर्थात तिथली माणसंही आली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर 1932 ला शिरगणती झाली. ती शेवटची. 1943 च्या समझोत्याने राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया असं वाटून घेतलं, तेव्हापासून कोण किती हे मोजायला कुणी धजावत नाही. मोजलं तर वाटणी पुन्हा मांडावी लागेल. 1975 ते 1990 च्या यादवीनंतरही पदांची ही वाटणी तशीच राहिली. माझ्या मते पंथ जास्त आहेत हा त्या देशाचा रोग नाही, खुर्च्या पंथावर वाटल्या तो आहे.

गावात हिंडताना दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरायची, ती म्हणजे कुलूपबंद मोठाली घरं. मालक ब्राझीलमध्ये, नाहीतर पश्चिम आफ्रिकेत दुकान चालवतोय. उन्हाळ्यात घर उघडायचं, बाकी वर्षभर बंद. कोकणातल्या चाकरमान्याला हे वेगळं सांगायला नको.

हस्बायाजवळ दर मंगळवारी सूक अल-खान नावाचा आठवडी बाजार भरतो. पांढऱ्या टोपीतले द्रुझ म्हातारे, ख्रिस्ती बाया, सुन्नी-शिया शेतकरी, सगळे त्याच एका चिखलात घासाघीस करत उभे. ऑलिव्ह तेलाचा साबण घेतला तेव्हा कळलं की तिथेही त्याला 'साबून'च म्हणतात. आमच्या पलटणीबरोबर जनावरांचे डॉक्टर होते, लोक त्यांना 'हकीम' म्हणायचे. पोस्टच्या खालच्या गावातल्या एका आजीची शेळी अडली होती, हकीमसाहेबांनी रात्री जाऊन सोडवली. 2024 च्या इस्रायल-हिजबुल्ला लढाईत तिथल्या खियामसारख्या गावांची फार नासधूस झाली. बातम्या पाहताना पहिल्यांदा ती आजीच आठवली.

त्या आजीने नंतर पिशवीभर पांढुरकं पीठ आणून दिलं. त्याला किश्क म्हणतात. गव्हाचा दलिया दह्यात भिजवून आंबवायचा, उन्हाळा संपताना गच्चीवर चादरी पसरून वाळवायचा, हाताने चोळून पीठ करायचं आणि हिवाळ्यात त्याचं सूप करायचं. थोडक्यात वाळवणच. आमच्या लंगरच्या कुकला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बेसन समजून झणझणीत फोडणी दिली आणि पिठलं केलं. आंबट झालं होतं. पण संपलं.