आय-७चा स्टिकर घ्यायचा की १६ जीबी रॅम?

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळालीय. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले, किंमत जवळपास सारखीच. एकात इंटेल आय-७ १३५५यू आणि ८ जीबी रॅम, दुसऱ्यात आय-५ १३३५यू आणि १६ जीबी. दुकानदार म्हणतो आय-७च घ्या, चार वर्षं बघायला नको, रॅम काय नंतर पण टाकता येते. खरंय का? – एक पालक, बारामती

उत्तर : आय-५ वाला घ्या, आणि दुकानदाराला तो "नंतर टाकता येते" वाला मुद्दा पुन्हा एकदा विचारा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आधी प्रोसेसरचं बघू. ही दोन्ही इंटेलची १३वी जनरेशन, दोन्हीत १० कोअर म्हणजे काम करणारे भाग (२ दमदार, ८ वीज वाचवणारे), १२ थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं, कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी दोन्हीत १२ एमबी. मग फरक कशात? कमाल स्पीड आय-७ची ५ गिगाहर्ट्झ, आय-५ची ४.६, आणि आय-७मधलं ग्राफिक्स थोडं वरचढ, संपलं. ती कमाल स्पीडसुद्धा सलग मिळत नाही, कारण ही १५ वॅटची यू सिरीज आहे, पातळ लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. नाव मोठं लक्षण खोटं असं अगदी म्हणणार नाही मी, पण त्या स्टिकरसाठी अर्धी रॅम सोडायची म्हणजे काहीच्या काही झालं. खरं तर ३, ५, ७ हा आकडा बघण्याआधी मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर बघायला पाहिजे. एच असेल तर तो ४५ वॅटच्या गटातला, म्हणजे आय-५ १३४२०एच हा सलग चालणाऱ्या कामात आय-७ १३५५यूला मागे टाकू शकतो, फक्त मशीन जड होतं आणि बॅटरी लवकर बसते.

आता ८ जीबी रॅमचं, म्हणजे चालू कामं जिथे उघडी राहतात त्या मेमरीचं. विंडोज ११ किमान ४ जीबीवर चालतं असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण चालणं वेगळं आणि काम होणं वेगळं. नुसता लॅपटॉप चालू केला, अँटिव्हायरस वगैरे धरून, तरी तीन-चार जीबी भरलेली दिसते, त्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलं की तेही याच रॅममधून वाटा घेतं. पहिल्या वर्षी सी आणि पायथॉनला हे पुरेल हो, अडचण पुढे येते जेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याचा एम्युलेटर म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, सोबत ब्राउझरचे वीस टॅब, कधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, असं सगळं एकदम उघडं असतं. रॅम भरली की विंडोज एसएसडीवर (फायली साठवायच्या डिस्कवर) माल हलवायला लागतं आणि एसएसडी कितीही फास्ट म्हटली तरी रॅमच्या पुढे फार स्लो, मग तुमचा आय-७ नुसता वाट बघत बसतो.

आणि रॅम नंतर टाकायचं म्हणाल तर काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली म्हणजे कायमची जोडलेली असते, तिथे कुणीही काही करू शकत नाही. दुकानातल्या डेमो पीसवरच बघा : कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली "स्लॉट्स युज्ड" दिसेल आणि "फॉर्म फॅक्टर". तिथे "सोडिम" असेल तर रॅम काढता-घालता येते, "रो ऑफ चिप्स" असेल तर चिकटवलेली. अर्थात कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलचे स्लॉट किती हेही तपासा, टास्क मॅनेजर कधीकधी गंडतो. रॅमच्या प्रकारात एलपीडीडीआर असं लिहिलं असेल तर जवळजवळ नक्की सोल्डर केलेली समजा. त्यात २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढलेत, म्हणजे "नंतर" स्वस्त पडेल याची खात्री नाहीच.

अजून एक, १६ जीबी असताना ८-८च्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम. एकच पट्टी असली की इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स साधं यूएचडी म्हणून चालतं.

प्रश्न : रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी की रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि यूट्यूबसाठी थोडं व्हिडिओ एडिटिंग करतो. वरच्या नियमाने १६ वालाच ना? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही, इथे उलट. दिसायला एकाच घरातले दोन भाऊ, पण एएमडीच्या या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर म्हणजे आतलं मूळ डिझाइन सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, २०१९चं डिझाइन, त्यात कोअर ४. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, कोअर ६. एडिटिंगमध्ये एक्स्पोर्ट मारताना, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल बनवताना, हा फरक चांगलाच जाणवेल. ७५२०यूला एलपीडीडीआर५च लागते, म्हणजे ती १६ आयुष्यभर १६च. ७५३०यू वाल्यात एक जरी स्लॉट मोकळा असला (वरची तपासणी करा!) तर डीडीआर४ची ८ जीबीची पट्टी टाकली की झालं. स्लॉटच नसेल तर मात्र दोन्ही सोडून तिसरा बघ बाबा.

प्रश्न : अकाउंट्सचं ऑफिस आहे. आय-३ १०१००चा डेस्कटॉप, ८ जीबी, टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल एकदम उघडलं की हँग होतो. नवीन आय-५ घ्यावा का? – एक अकाउंटंट, इचलकरंजी

उत्तर : थांबा, घाई नको. हँग होईल तेव्हाच टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क यातलं कोण शंभराला टेकलंय ते बघा. डिस्क सतत १०० टक्के असेल आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, बहुतेक तेवढ्यावर भागेल. मेमरी नव्वदच्या वर असेल तर अजून ८ जीबी टाका. सीपीयूच शंभर असेल तर नवीन मशीनचा विचार, पण ४ कोअर ८ थ्रेडचा हा आय-३ टॅली-एक्सेलला काही कमी नाही. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, तुमचा १०व्या जनरेशनचा असल्याने विंडोज ११ चालतं, ते करून घ्या. आणि टॅलीचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर असून इथून नेटवर्कवर उघडत असाल तर आधी ती केबल आणि तो दुसरा कॉम्प्युटर तपासा.