पहिल्यांदाच नेपथ्य करतोयस? मग एवढंच बघ

अरे मस्त, करच तू. फक्त पहिल्याच एकांकिकेला सोफा, खिडक्या, पडदे असा अख्खा दिवाणखाना उभारायच्या नादी लागू नकोस, आता बरीच नाटकं दोन लेव्हल्स (म्हणजे स्टेजवर ठेवायचे चौथरे) आणि एका चौकटीत भागतात आणि छान भागतात. आपल्या पुण्यातच १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये नटांची रांग हीच भिंत होती, आणि तू प्लायवूडचे भाव विचारत बसलायस!

- संहिता वाचताना कोण कुठून येतो-जातो ते लिहून काढ, रंगबिंग नंतर.
- स्टेजची मापं स्वतः टेप घेऊन घे. सुदर्शन रंगमंचच्या छोट्या स्टेजला बसणारा सेट भरत नाट्य मंदिरच्या मोठ्या स्टेजवर हरवल्यासारखा दिसतो.
- तालमीतच जमिनीवर खडूने सेट आखून दे, नाहीतर प्रयोगात नटांना पायरी सापडत नाही आणि मग सगळे तुझ्या नावाने शंख करतात.

नवखे हमखास मधल्या खुर्चीतूनच सेट बघतात. तू कडेच्या खुर्चीत जाऊन बस, विंगेत चहा पिणारा बॅकस्टेजवाला सरळ दिसेल. आणि लाइटवाल्याशी आधीच बोल, चकचकीत ऑइलपेंटवर स्पॉट पडला की डोळ्यात जातं. प्रोजेक्शनचं, म्हणजे सेटवर प्रोजेक्टरने चित्रं पाडायचं खूळ सध्या बाजूला ठेव.